मनोऱ्यासमोरचे कुरण

पहिला दिवस : तंजावर

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे तंजावरला उतरलो. स्थानकावर मला घ्यायला आलेली मुलगी वीस वर्षांपूर्वी मालवणात माझ्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत असे. आता ती भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्क उपसागरातील समुद्रगवतावर, म्हणजे समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या सपुष्प वनस्पतींवर, संशोधन करते. ती मला अजून ‘सर’ म्हणते आणि मी तिला ‘तू’ म्हणतो. लेखात नाव नको अशी तिची विनंती असल्याने ती इथे नावाशिवायच येईल. निवृत्त झाल्यापासून तिचे काम प्रत्यक्ष पाहावे असे मनात होते. फेब्रुवारीच्या अखेरीस, ईशान्य मोसमी पाऊस सरून समुद्र शांत झाल्यावर, तो योग आला.

किनाऱ्याकडे जाण्याआधी तिने मला बृहदीश्वराच्या मंदिरात नेले. तिथल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठीत आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात येथे गादी स्थापन केली, हे शाळेत शिकलो होतो. तरीही तमिळ गजबजाटात देवनागरी अक्षरे बोटाने वाचताना वेगळेच वाटले. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांबरोबरच सरफोजीराजांनी काढून घेतलेली प्राण्यांची आणि वनस्पतींची चित्रे जपलेली आहेत. हा राजा वनौषधींचा आणि निसर्गाचा अभ्यासू होता. त्याच्याच एका वास्तूच्या पायथ्याशी आपले काम चालते, एवढेच ती त्या दिवशी म्हणाली आणि बाकीचे उद्यावर ठेवले.

दुसरा दिवस : मनोरा

तंजावरहून पट्टुकोट्टै आणि तिथून समुद्राकडे असा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना नारळाच्या बागा होत्या आणि त्यांत मध्येच शेंडा नसलेले खांब उभे होते. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ चक्रीवादळाची ती खूण आहे. इथले लोक वर्षे मोजताना ‘गजाच्या आधी’ आणि ‘गजाच्या नंतर’ असे म्हणतात, हे पुढच्या दिवसांत अनेकदा कानांवर आले.

किनाऱ्यावर सरबेंद्रराजपट्टिनम नावाचे गाव आहे. सरबेंद्र म्हणजे आपले सरफोजी. नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून त्यांनी १८१४-१५ च्या सुमारास येथे षट्कोनी, आठ मजली, सुमारे २३ मीटर उंचीचा बुरूज बांधला. त्याला सगळे ‘मनोरा’ म्हणतात. नाव ऐकून मी थबकलो, कारण दोनशे वर्षांनंतरही तमिळ कोळ्याच्या तोंडी तो शब्द जसाच्या तसा आहे आणि मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. हा प्रसंग इंग्रजांच्या विजयाचा उत्सव होता, याचे मराठी मनाला थोडे वाईट वाटते. परंतु मांडलिक राजाला कशाकशाचे स्मारक उभारावे लागत असेल याचा निवाडा मी करणार नाही.

मनोऱ्यापुढचे पाणी राखाडी, सपाट आणि लाटांशिवाय होते. कोकणच्या माणसाला याला समुद्र म्हणायला जड जाते. भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये अडकलेला हा उपसागर इतका उथळ आहे की त्याची सरासरी खोली दहा मीटरही भरत नाही. आमच्याकडे ओहोटीला दोन-अडीच मीटर पाणी उतरते आणि खाडीचा तळ उघडा पडतो. इथे भरती-ओहोटीतले अंतर जेमतेम हातभर असते. मांडवीच्या खाडीतील ‘हॅलोफिला बेकारी’ हे चिमुकले समुद्रगवत ओहोटीच्या चिखलात वाकून पाहता येते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या जगताप आणि उंटवाले यांनी १९८१ साली त्यावर लिहिले होते आणि मी तो लेख वर्गात शिकवला होता. इथे मात्र गवत कधीच उघडे पडत नाही. “इथे समुद्र स्वतःहून काही दाखवत नाही, सर. आत उतरावेच लागते,” ती म्हणाली.

मनोऱ्यासमोरचा हाच समुद्र आता कायद्याने राखीव आहे. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचा पट्टा देशातील पहिले समुद्रगाय संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. समुद्रगाय, म्हणजे ड्यूगाँग, हा केवळ समुद्रगवतावर जगणारा सस्तन प्राणी आहे. तमिळमध्ये तिला ‘कडल पसु’ म्हणतात आणि जुने कोळी ‘अवुलिया’ म्हणतात. ती दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खाते, सत्तर वर्षांपर्यंत जगू शकते आणि तीन ते सात वर्षांतून एकदा एकाच पिल्लाला जन्म देते. एवढ्या संथ गतीने वाढणारी जात एकदा घटली की भरून यायला माणसाच्या पिढ्या लागतात. साऱ्या भारतात त्या दोनशेच्या आसपास उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

संध्याकाळी किनाऱ्याने चालताना वाळूवर मर्यादवेल दिसली आणि ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले. तिच्याजवळच काटेरी चेंडूंसारखी फळे वाऱ्यावर गडगडत नेणारे एक गवत होते. तमिळ मुले त्याला ‘रावणन मीसै’, म्हणजे रावणाच्या मिशा, म्हणतात. पाण्याच्या रेषेपाशी वाळलेल्या तपकिरी पात्यांचे ढीग लागले होते. मी त्यांना शेवाळ म्हणणार होतो. तिने एक पाते उचलून माझ्या हातात ठेवले आणि उद्या पाण्यात ते हिरवे पाहा, असे सांगितले.

तिसरा दिवस : पाण्यात

पहाटे साडेपाचला आम्ही वल्लम या देशी होडीतून निघालो. होडीवाले अण्णा साठीचे होते. लहानपणी अवुलियाचे मांस खाल्ल्याचे त्यांनी सरळ सांगितले. आज जाळ्यात समुद्रगाय सापडली तर ते जाळे कापून तिला सोडतात. हा बदल कसा झाला हे मी विचारले. कायदा तर १९७२ पासून आहे, पण आपल्या माणसांनी समुद्रात काही परत सोडावे असे वाटायला वेळ लागला, असे त्यांचे उत्तर मला मुलीने मराठीत सांगितले.

किनाऱ्यापासून थोडे आत गेल्यावर तिने काळ्या-पांढऱ्या चौथाया रंगवलेली एक तबकडी दोरीने पाण्यात सोडली. तबकडी दिसेनाशी होते ती खोली टिपायची, एवढेच ते उपकरण. तरीही या अभ्यासातला सर्वांत कळीचा आकडा तोच देतो, कारण समुद्रगवताचे सारे जगणे प्रकाशावर आहे. पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा तरी तळाशी पोचला पाहिजे. बहुतेक जातींना त्याहून अधिक लागतो. शेवाळापेक्षा ही भूक मोठी आहे आणि त्याचे कारण या वनस्पतींच्या घडणीत आहे. शेवाळाला खरी मुळे नसतात, फुले नसतात आणि ते सर्वांगाने पाण्यातील क्षार शोषते. समुद्रगवत ही मात्र जमिनीवरून समुद्रात परतलेली सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे आहेत, चिखलात आडवे पसरणारे खोड आहे, आणि प्राणवायू नसलेल्या त्या काळ्या गाळातल्या मुळांना श्वासापुरता प्राणवायू पानांकडूनच खाली पाठवावा लागतो. पानांनी जे कमवायचे त्यावर खालचे एवढे मोठे कुटुंब पोसायचे असते. पाणी गढूळ झाले की पहिला फटका बसतो तो इथे.

मुखवटा आणि नळी लावून मी पाण्यात उतरलो. पाणी छातीएवढे होते. पहिली काही मिनिटे हिरवट धुक्याशिवाय काही दिसले नाही, आणि मग नजर सरावल्यावर पायांखाली गवत होते. साऱ्या दिशांना, एकाच बाजूला कललेले, भाताच्या खाचरावरून वारा जावा तसे हलणारे. तिने एकेक जात हाताने दाखवली. ‘सायमोडोसिया सेरुलाटा’च्या पात्याच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात. ‘सिरिंगोडियम’ची पाती चपटी नसून शेवयांसारखी गोल असतात. ‘हॅलोफिला ओव्हॅलिस’ला लहान चमच्याएवढ्या पानांच्या जोड्या येतात. समुद्रगायीला हे मऊ गवत विशेष प्रिय आहे. ती ते मुळासकट उपटून खात पुढे सरकते आणि मागे तळावर वेडीवाकडी चर उमटत जाते. आम्ही त्या दिवशी अशा चरी शोधल्या, पण मिळाल्या नाहीत.

एका उथळ जागी ‘एनहॅलस’ होते, मीटरभर लांब आणि पट्ट्यासारखे रुंद. याचे परागण मी पुस्तकातून तीस वर्षे शिकवले होते. नरफुले तळाशी देठापासून सुटून बुडबुड्यासारखी वर येतात आणि पृष्ठभागावर पांढऱ्या ठिपक्यांप्रमाणे तरंगतात. मादीफूल लांब देठावर चढून पृष्ठभागापाशी पोचते. त्याच्या पाकळ्यांना पाणी चिकटत नाही, त्यामुळे वाहत आलेली नरफुले त्यांत अडकतात. फलन झाल्यावर देठ गुंडाळीसारखा आकसतो आणि वाढते फळ खाली ओढून घेतो. इतर बहुतेक समुद्रगवतांनी तर वरचा संबंधच तोडला आहे. त्यांचे पराग दोऱ्यासारखे लांब असतात आणि पाण्यातूनच प्रवास करतात. २०१६ साली ‘झोस्टेरा मरिना’ या समशीतोष्ण जातीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा पर्णरंध्रे घडवणारी जनुकेच तिच्यातून नाहीशी झाल्याचे दिसले. हवेशी देवघेव करायची नाही तर दारे-खिडक्या कशाला, इतके हे परतणे पक्के होते. त्या दिवशी फुले नव्हती. तरी देठाची जागा तिने मला दाखवली आणि मी ती बोटाने चाचपली.

मग मुख्य काम सुरू झाले. तळावर पन्नास मीटरची फीत अंथरायची, ठरावीक अंतरावर अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट ठेवायची, तिच्यात कोणती जात किती भाग व्यापते ते पाहायचे, कोंब मोजायचे, पात्यांची उंची घ्यायची आणि हे सगळे पाण्यात लिहिता येणाऱ्या पाटीवर पेन्सिलीने उतरवायचे. तिच्या शेजारी मीही एक चौकट मोजली. माझा आकडा तिच्यापेक्षा बराच जास्त आला, कारण मी पाती मोजली होती आणि मोजायचे होते कोंब. एका कोंबाला दोन-चार पाती असतात. तिने काही न बोलता माझा हात धरून पात्यांच्या बुडाशी नेला, जिथे ती सारी एका म्यानात येतात. मग आम्ही पुन्हा मोजले. दहा चौकटींना दीड तास लागला. अशा शेकडो चौकटी तिने गेल्या काही वर्षांत मोजल्या आहेत, आणि समुद्रगवत वाढते आहे की घटते आहे या प्रश्नाचे उत्तर द्यायला दुसरा मार्ग नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून भारतातील समुद्रगवताचे क्षेत्र सुमारे ५१७ चौरस किलोमीटर भरले आणि त्यातला मोठा हिस्सा याच उपसागरात आहे. पण चित्रातला हिरवा ठिपका गवताचा की शेवाळाचा, हे शेवटी कोणीतरी खाली उतरून सांगावे लागते.

चौथा दिवस : बांबूच्या चौकटी

जिथे गवत गेले आहे तिथे ते परत लावता येते का, हा तिच्या कामाचा दुसरा भाग. मनोऱ्याच्या परिसरात ओम्कार फाउंडेशन या संस्थेने बांबूच्या चौकटींवर काथ्याच्या दोऱ्या ताणून समुद्रगवत लावण्याची रीत रुजवली. त्याच रीतीची एक लावणी आम्ही आज पाहिली. दाट कुरणातून, तिथे भगदाड पडणार नाही अशा बेताने, खोडासह कोंब काढतात. चौकटीच्या दोऱ्यांवर ते ठरावीक अंतराने बांधतात आणि चौकट तळावर दाबून बसवतात. बांबू आणि काथ्या कुजून जाईपर्यंत खोड चिखलात पसरलेले असते. समुद्रात काहीही परके मागे उरत नाही, म्हणून मला ही कल्पना फार आवडली. काथ्या वळणाऱ्या आणि कोंब बांधणाऱ्या बहुतेक बायका गावातल्याच होत्या. त्यांची बोटे इतकी सराईत होती की माझ्या एका गाठीच्या वेळात त्यांच्या सहा-सात होत.

पण लावणी हा उपाय शेवटचा आहे, हे ती पुनःपुन्हा सांगत होती. गवत ज्या कारणाने गेले ते कारण तिथेच असेल तर नवे कोंबही जातात. इथे मुख्य कारण म्हणजे तळ खरवडत जाणारी ट्रॉलची जाळी आणि त्यांमुळे उठणारा गाळ. मल्लिपट्टिनमच्या बंदरात ट्रॉलर दाटीने उभे होते. आठवड्यातून तीनच दिवस त्यांनी जायचे, किनाऱ्यालगतचे पाणी देशी होड्यांना सोडायचे आणि १५ एप्रिल ते १४ जून मासेमारी बंद ठेवायची, असे नियम आहेत. ते पाळले जातात तिथे फरक पडतो. ट्रॉलरवर राबणारे खलाशीही गरीबच आहेत, आणि त्यांना शत्रू ठरवून हे गवत वाचणार नाही, असे मला तिथे उभे असताना ठामपणे वाटले. देशी होडीवाल्यांना मात्र गवताची किंमत समजावून सांगावी लागत नाही. निळ्या खेकड्याला ते ‘नंडु’ म्हणतात, गवत खाणाऱ्या माशाला ‘ओरा’. ही दोन्ही जाळ्यात येतात ती कुरणावरूनच. अण्णांनी हिशेब अगदी सोपा केला : गवत असेल तर सकाळच्या जाळ्यात डिझेलचे पैसे सुटतात.

दुपारी तिने एक पोकळ नळी तळात ठोकून गाळाचा दंडगोल वर काढला. वरचा बोटभर थर तपकिरी आणि खालचा काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा होता. या काळ्या थरात प्राणवायू नसल्यामुळे मेलेली मुळे आणि खोडे सावकाश कुजतात आणि त्यांतला कार्बन दीर्घकाळ तिथेच अडकून राहतो. जगाच्या सागरतळाचा हजारातला दोन हिस्साही समुद्रगवताखाली नाही, पण समुद्रात दरवर्षी पुरल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे दहावा हिस्सा ही कुरणे पुरतात, असा अंदाज मांडला जातो. तळ खरवडला की हे पुरलेले धन पुन्हा पाण्यात मोकळे होते.

पाचवा दिवस : मुत्तुपेट

समुद्रगवत समजून घ्यायचे तर त्याच्या मागे जमिनीच्या बाजूला काय आहे ते पाहावे लागते, म्हणून आज आम्ही ईशान्येला मुत्तुपेटला गेलो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे दक्षिण टोक इथे पाल्क उपसागराला मिळते. खारफुटीचे हे जंगल जवळजवळ एकाच झाडाचे आहे, ते म्हणजे आपले तिवर. नावेतून जाताना चिखलातून वर आलेली त्याची पेन्सिलीसारखी श्वसनमुळे पाहिली, पान चाटून त्यावरचे मीठ चाखले, आणि अचऱ्याच्या खाडीची आठवण आली.

इंग्रजांच्या काळी येथील खारफुटी पट्ट्यापट्ट्याने साफ तोडली जाई. उघडा पडलेला चिखल उन्हाने वाळून खचला, तिथे बशीसारखे खळगे झाले, भरतीचे पाणी त्यांत अडकून आटत राहिले आणि मीठ इतके वाढले की तिवरही उगवेना. नंतर वनखाते आणि स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान यांनी माशाच्या काट्यासारखे कालवे खणले, म्हणजे मधे एक मोठा आणि दोन्ही बाजूंना तिरपे लहान. भरती आत जाऊ लागली, अडकलेले पाणी बाहेर पडू लागले आणि झाडे परतली. मग १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ या किनाऱ्यावर आदळले. अजूनही कित्येक ठिकाणी करड्या, बिनपानांच्या खोडांच्या रांगा आहेत. त्यांच्या पायथ्याशी गुडघ्याएवढी हिरवी रोपेही आहेत.

खारफुटी नदीचा गाळ मुळांत धरते, त्यामुळे पुढे समुद्रात पाणी निवळ राहते आणि गवताला उजेड मिळतो. गवत लाटांचा जोर मोडते, त्यामुळे खारफुटीचा चिखल जागेवर राहतो. कित्येक माशांची पिल्ले मुळांच्या आडोशाला वाढून मोठेपणी कुरणात जातात. सरकारी नकाशावर मात्र ही दोन वेगळ्या रंगांची क्षेत्रे असतात आणि त्यांची मोजणी वेगवेगळ्या अहवालांत होते. तिचे सध्याचे सगळे धडपडणे या दोन रंगांच्या मधली जागा मोजण्यासाठी आहे. नदीमुखापासून कुरणापर्यंत एका सरळ रेषेत, दर महिन्याला, गाळ आणि उजेड टिपत जायचे. असे काम लवकर कीर्ती देत नाही. माझ्या मते या किनाऱ्याला सध्या सर्वांत जास्त गरज आहे ती याच कामाची.

सहावा दिवस : वारा

सकाळी वारा फिरला आणि मनोऱ्यापुढचे पाणी चहाच्या रंगाचे झाले. चौकटी मोजण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ती अण्णांबरोबर होडीतून गेली, तबकडी सोडली आणि परत येऊन वहीत खोली लिहिली. अर्धा मीटरही भरली नव्हती. काही दिसले नाही असे दिवस नोंदले नाहीत तर वर्षाचा सरासरी उजेड खोटाच निघेल, असे तिने सांगितले. हे मी तिला कधी शिकवले नव्हते.

उरलेला वेळ आम्ही किनाऱ्यावर वाहून आलेल्या ताज्या तुकड्यांचे नमुने करण्यात घालवला. पाणवनस्पती हवेत कागदावर मांडली की चिकटून गोळा होते. म्हणून पसरट ताटात पाणी घेऊन त्यात कागद बुडवायचा, वर नमुना तरंगत ठेवायचा, कुंचल्याने पाती सरळ करायची आणि कागद एका बाजूने हळूच उचलायचा. पाणी निथळते आणि पाने जशीच्या तशी बसतात. मग वर मलमलीचा तुकडा, टीपकागद आणि वजन. माझे हात हे काम विसरले नव्हते. ‘सायमोडोसिया’चे दोन कागद उत्तम निघाले, ‘हॅलोफिला’चा एक फाटला.

खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लिहायची होती. जात, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, तळाचा प्रकार हे तिने सांगितले तसे मी लिहीत गेलो. स्थळ या शब्दापुढे तिने क्षणभर थांबून ‘मनोरा’ असे देवनागरीत लिहायला सांगितले. त्याखाली तिने स्वतः तेच तमिळ अक्षरांत लिहिले आणि कागद वजनाखाली सरकवला.